पिकाचे वाटेकरी आठ, पाटी मात्र एकाच्याच नावाची!



वैरागहून बार्शीकडे निघा नाहीतर मोहोळकडे, हंगामात रस्त्याकडेच्या रानात एक पाटी हमखास दिसेल. वर कंपनीचे नाव, खाली वाणाचा नंबर, त्याखाली मालकाचे नाव आणि सगळ्यात मोठ्या अक्षरांत एकरी उतारा. चार दिवसांनी त्याच रानात मांडव पडतो, शिवारफेरी निघते, पाहुण्यांचे सत्कार होतात, पंगत उठते आणि परतताना प्रत्येकाच्या हातात एक रंगीत कागद येतो. 'आमचे बियाणे वापरणाऱ्यांना इतके जास्त पिकले.' पुढच्या पेरणीला दुकानात गेलो की तोच कागद दुकानदार पुढे सरकवतो आणि आपण जादा पैसे मोजून पुडा घेऊन घरी येतो.

कागदावरचा आकडा खोटाच असतो असे आमचे म्हणणे नाही. वजन खरे असेल, पावती खरी असेल, फोटोतला शेतकरीही खराच असेल. गोम आहे ती आकड्यावरून काढलेल्या निष्कर्षात, आणि म्हणूनच ती पकडायला अवघड जाते. काट्यावर मारलेले माप ओळखायला आपण बाजार समितीत ठेचा खाऊन शिकलो. कागदावर मारलेले माप ओळखायला अजून शिकलेलो नाही. जिल्ह्याच्या बैठकीपुढे हा विषय मांडण्याचे कारण तेच आहे.

खळ्यावर कोण कोण हिस्सा मागतो?

खळ्यावर रास पडली की वाटेकरी गोळा होतात, हे आपल्याला नवे नाही. पण रास तयार करणारेही वाटेकरी असतात, आणि ते मागायला येत नाहीत. पहिली वाटेकरी जमीन. दुसरे पाणी, मग ते विहिरीचे एखादे पाणी का असेना. तिसरी पेरणीची तारीख. चौथी बेवड, म्हणजे आधी त्या रानात मूग होता की सूर्यफूल. पाचवे खत आणि फवारणी. सहावा कसणाऱ्याचा हात, वेळेवर कोळपणारा किंवा न कोळपणारा. सातवा त्या वर्षीचा पाऊसकाळ. आणि आठवे बियाणे. राशीत आठही जणांचा हिस्सा असतो. पाटी मात्र आठव्याच्या नावाची लागते. बाकीच्या सात जणांनी बांधलेल्या बिळात हा आयता नागोबा!

अभ्यास करणारे लोक या सात जणांना गोंधळ घालणारे घटक म्हणतात. आपण त्यांना छुपे वाटेकरी म्हणू. कोणत्याही वस्तूची परीक्षा घेताना, मग ते बियाणे असो, टॉनिक असो की जनावरांचे खाद्य, दोन्ही बाजूंचे छुपे वाटेकरी सारखे नसतील तर ती परीक्षाच नव्हे.

आपल्या रब्बी ज्वारीचेच घ्या. रब्बीची ज्वारी डोक्यावरच्या पावसावर वाढत नाही, जमिनीत मुरलेल्या ओलीवर वाढते. दोन हात खोल काळी जमीन ती ओल माघापर्यंत पुरवते. वीतभर मातीखाली मुरूम लागला की पोटरीतच पीक पाणी मागायला लागते. आपली मालदांडी ३५-१ शेजारच्या मोहोळच्या संशोधन केंद्रावर स्थानिक मालदांडीतूनच निवडली गेली, त्याला ऐंशीच्या वर वर्षे झाली. राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठसुद्धा ज्वारीचा वाण सुचवताना आधी विचारते की बाबा, जमीन किती खोल? हलक्या जमिनीला फुले अनुराधा, मध्यम जमिनीला फुले सुचित्रा किंवा मालदांडी, भारी जमिनीला फुले वसुधा, फुले यशोदा. विद्यापीठाला कळते की खोली हा मोठा वाटेकरी आहे. कंपनीच्या कागदावर खोलीचा रकाना कधी पाहिलात?

आणि उतारा म्हणजे तरी काय मोजता? दाण्याचे क्विंटल मोजतात, कडब्याच्या पेंड्या मोजत नाहीत. ज्याच्या दावणीला दोन जनावरे आहेत त्याला विचारा, दुष्काळी सालात ज्वारीचे मोल दाण्यात असते की कडब्यात. अर्धी रास मोजायची आणि पुऱ्या राशीचा निकाल सांगायचा, हीही त्याच दुकानदारीतली एक खुबी.

शून्याचे तीन क्विंटल कसे होतात?

एक साधा हिशेब मांडू. आकडे समजण्यापुरते धरले आहेत, पण रीत खरी आहे.

समजा, आपल्या शिवारात भारी रानात ज्वारी एकरी ९ क्विंटल होते आणि हलक्या रानात ४ क्विंटल. बियाणे कोणतेही घाला, यात काडीचा फरक पडत नाही असे धरू. म्हणजे नव्या बियाण्याचा गुण शून्य. आता कंपनीचे नवे, महागडे बियाणे दहा जणांनी घेतले. महाग बियाणे परवडते कोणाला? ज्याचे रान भारी, ज्याच्या गाठीला चार पैसे आहेत, त्याला. म्हणून या दहांत आठ भारी रानवाले आणि दोन हलक्या रानवाले निघाले. जुने बियाणे पेरणाऱ्या दहांत उलटे झाले. दोन भारी, आठ हलके.

नव्या बियाण्याचे दहा एकर : आठ नव्वे बहात्तर आणि दोन चोक आठ, एकूण ८०. सरासरी एकरी ८ क्विंटल.

जुन्या बियाण्याचे दहा एकर : दोन नव्वे अठरा आणि आठ चोक बत्तीस, एकूण ५०. सरासरी एकरी ५ क्विंटल.

झाला की नाही तीन क्विंटलचा फरक? बियाण्याने एक दाणाही वाढवला नाही, आणि कागदावर उतारा साठ टक्क्यांनी वाढला. एकही वजन खोटे नाही, एकही शेतकरी खोटे बोललेला नाही. फक्त भारी रान एका पारड्यात पडले आणि हलके रान दुसऱ्यात. तीन क्विंटल जमिनीने दिले, पैसे बियाण्याने घेतले.

आता यावर विश्वास ठेवून हलक्या रानाचा धनी कर्ज काढून ते बियाणे पेरतो. त्याला पडतात तेच ४ क्विंटल. मग त्याला सांगतात, 'तुमचे व्यवस्थापन चुकले.' म्हणजे पिकले तर बियाण्यामुळे, नाही पिकले तर तुझ्यामुळे! छापा पडला तर मी जिंकलो, काटा पडला तर तू हरलास. असला जुगार जत्रेतला खेळवालासुद्धा खेळत नाही.

कापसात हे प्रत्यक्ष घडले

ज्वारीचा हिशेब धरून चाललेला होता. कापसाचा हिशेब देशभर, खऱ्या पैशात झाला.

२६ मार्च २००२ रोजी केंद्र सरकारच्या समितीने बीटी कापसाच्या तीन संकरित वाणांना परवानगी दिली. तिन्ही वाण जालन्याच्या माहिको कंपनीचे, जनुक अमेरिकेच्या मोन्सॅन्टोचे. ४५० ग्रॅमच्या पुड्याची किंमत सोळाशे रुपयांच्या वर होती, आणि त्यातले सुमारे १,२५० रुपये केवळ जनुकाच्या रॉयल्टीचे. ही रॉयल्टी म्हणजे काय? कंपनीने पिकातला आपला वाटा सांगितला आणि तो पेरणीआधीच वसूल केला. तेव्हा जनुकाचा वाटा नेमका किती, हा प्रयोगशाळेतला वाद नव्हता. तो आपल्या खिशाचा प्रश्न होता.

२००३ च्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या 'सायन्स' या नियतकालिकात काइम आणि झिल्बरमन या दोन अर्थतज्ज्ञांचा अभ्यास आला. महाराष्ट्र, मध्य प्रदेश आणि तमिळनाडूतील १५७ शेतांवरच्या २००१ सालच्या चाचण्या त्यात होत्या. चाचण्या माहिकोने सरकारी देखरेखीखाली घेतलेल्या. तोच वाण बीटीसह आणि बीटीशिवाय शेजारी शेजारी लावला होता, म्हणजे जमीन आणि हात हे वाटेकरी बऱ्यापैकी सारखे ठेवले होते. निष्कर्ष निघाला की बीटीचा उतारा ८० टक्के जास्त. जगभर हा आकडा वाजला. पण सातवा वाटेकरी कोण होता? पाऊसकाळ आणि त्याच्याबरोबर येणारी कीड. २००१ हे बोंडअळीच्या कहराचे साल होते. अळी उदंड असेल तेव्हा अळी मारणाऱ्या वाणाचा गुण उठून दिसणारच. पुराच्या वर्षी होडी विकणाऱ्याचा हिशेब दुष्काळात कसा लागू पडेल?

पुढे शेतकऱ्यांच्या शेतावरचे आकडे येऊ लागले, आणि तिथे दुसरा वाटेकरी पुढे आला. मोर्स, बेनेट आणि इस्माईल या इंग्लंडच्या अभ्यासकांनी आपल्या जळगाव जिल्ह्यातील २००२ आणि २००३ च्या हंगामांची माहिती तपासली. बीटी लावणाऱ्या शेतकऱ्यांच्याच बिगर-बीटी तुकड्यांकडे त्यांनी पाहिले. बीटीवाल्यांचा साधा कापूससुद्धा इतरांच्या साध्या कापसापेक्षा सरस होता! म्हणजे फरकाचा एक हिस्सा बियाण्याचा नव्हता, शेतकऱ्याचा होता. त्याचे रान, त्याचे पाणी, त्याचे भांडवल, त्याची अक्कल. तो हिस्सा वजा केल्यावर बीटीचा फायदा बराच खाली आला, पण पुसला गेला नाही. २००७ सालीच क्रॉस्ट आणि सहकाऱ्यांनीही महाराष्ट्राच्या माहितीवरून हेच दाखवले. कार्यक्षम शेतकरी बीटीकडे आधी वळतात, म्हणून नुसती बीटीवाले विरुद्ध बिगर-बीटीवाले अशी तुलना केली की आकडा फुगतो.

पुढे खुद्द काइम यांनी काथागे यांच्यासह २००२ ते २००८ या काळात त्याच त्या शेतकऱ्यांकडे पुन्हा पुन्हा जाऊन हिशेब केला. २०१२ साली त्यांनी सांगितलेला आकडा होता एकरी २४ टक्के वाढ. ८० टक्के आणि २४ टक्के! एका वर्षाच्या चाचणीच्या रानातून अनेक वर्षांच्या शेतकऱ्याच्या रानात आल्यावर आकडा तिसऱ्या हिश्श्याच्याही खाली आला. २४ टक्के काही कमी नाहीत, ते नाकारण्याचे कारण नाही. पण रॉयल्टी ज्या हवेत वसूल झाली ती हवा ८० टक्क्यांची होती.

आता देशाचा आकडा पाहा. २००२-०३ मध्ये देशात हेक्टरी सुमारे ३०० किलो रुई पडत होती, २००७-०८ मध्ये ती साडेपाचशेच्या आसपास गेली. 'बीटीने कापूस दुप्पट केला' ही घोषणा इथून निघाली. पण मधली सालेही वाचा. २००४-०५ मध्येच उतारा ४७० च्या घरात पोहोचला होता, आणि त्या वर्षी परवानगीचा बीटी देशातल्या कापसाच्या दहा टक्क्यांच्याही आत होता. गुजरातेत चोरटे बीटी बियाणे होते हे खरे, तरी सारी वाढ त्याच्या पदरात घालता येत नाही. त्याच काळात पाऊस बरा झाला, गुजरातेत बंधारे झाले, खताचा वापर वाढला, नवी कीटकनाशके आली. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचे माजी संचालक डॉ. के. आर. क्रांती आणि अमेरिकेचे ग्लेन स्टोन यांनी २०२० साली वीस वर्षांचे आकडे मांडून हेच दाखवले की उताऱ्यातली वाढ बीटीच्या प्रसारापेक्षा खत आणि इतर निविष्ठांच्या वाढीशी जास्त जुळते. पुढे नव्वद टक्क्यांवर रान बीटीखाली गेले तेव्हा उतारा आणखी चढायला हवा होता. तो अडकला, मग खाली आला. २०१८ नंतर तो साडेचारशेच्या आसपास घोटाळतो आहे. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, आणि आपण वीस वर्षे कावळ्याची पूजा केली.

रॉयल्टीचे काय झाले? २००६ मध्ये आंध्र प्रदेश सरकार मक्तेदारी आयोगाकडे गेले आणि पुडा साडेसातशेवर आला. २०१५ च्या डिसेंबरात केंद्राने किंमत नियंत्रणाचा आदेश काढला. २०१७ मध्ये शेंदरी बोंडअळीने महाराष्ट्रात बीटीच्याच बोंडांत शिरून कापूस खाल्ला. आणि २०२० मध्ये रॉयल्टी शून्य झाली. १,२५० पासून शून्यापर्यंत! जनुकाचा खरा वाटा सुरुवातीलाच नीट मोजला असता, हलक्या-भारी रानांत आणि ओल्या-कोरड्या सालांत वेगवेगळा मोजला असता, तर किती पैसा आपल्या घरात राहिला असता? कोरडवाहू शेतकऱ्याने तर बागायतदाराच्या उताऱ्यावर ठरलेली किंमत मोजली.

उलट्या बाजूनेही तीच चूक

आता आपल्याच मांडवातल्या काहींना बोचेल असे लिहायचे आहे.

कंपनीच्या विरोधात उभ्या राहिलेल्या अनेकांनी सांगितले की बीटी आले आणि शेतकऱ्यांच्या आत्महत्या झाल्या, म्हणून बीटीने शेतकरी मारला. ही त्याच नाण्याची दुसरी बाजू. बीटी येण्याआधीही कापसाच्या पट्ट्यात माणसे मरत होती. ज्या रानात पाणी नव्हते, ज्या गावात बँक दारात उभी करत नव्हती, ज्या साली भाव पडला होता, तिथे मरत होती. वॉशिंग्टनच्या आंतरराष्ट्रीय अन्नधोरण संशोधन संस्थेने २००८ मध्ये उपलब्ध आकडे तपासून सांगितले की बीटीमुळे आत्महत्यांची लाट आली याला पुरावा नाही. हे मान्य करायला आपल्याला लाज वाटू नये. कर्ज, भाव आणि पाणी या खऱ्या गुन्हेगारांना सोडून एका पुड्याला फाशी दिली की खरे गुन्हेगार हसत घरी जातात. छुपा वाटेकरी कंपनीच्या हिशेबात शोधायचा आणि आपल्या घोषणेत झाकायचा, हे चालणार नाही.

आणि दुसऱ्या टोकाला काय झाले तेही पाहा. यवतमाळ जिल्ह्यातील भांबराजा आणि अंतरगाव या दोन गावांत बीटीने सोने पिकवले, अशी मोठी बातमी २००८ साली 'टाइम्स ऑफ इंडिया'त आली. २०११ मध्ये तोच मजकूर त्याच वर्तमानपत्रात पुन्हा आला, या खेपेस कंपनीच्या प्रचाराचा भाग म्हणून. पत्रकार पी. साईनाथ यांनी २०१२ मध्ये 'द हिंदू'त हे उघडकीला आणले. हजारो गावांतून दोन गावे निवडायची आणि त्यांच्यावरून महाराष्ट्राचा निकाल लावायचा, यापेक्षा रस्त्याकडेची पाटी काय वेगळी आहे? पाटी लागलेले रान आपण पाहतो. जिथे प्लॉट वाळला आणि पाटी लागलीच नाही, ती राने कोण मोजतो?

सरकारी प्रात्यक्षिक आणि पंपातले पाणी

हा रोग कंपन्यांपुरता नाही. सरकारी योजनेतले प्रात्यक्षिक पाहा. निवडलेल्या शेतकऱ्याला सुधारित बियाणे, बीजप्रक्रियेचे औषध, खत, फवारणीचे औषध अशी पिशवीभर मदत मिळते, साहेब दर पंधरा दिवसांनी बांधावर येतात, आणि मग त्याच्या उताऱ्याची तुलना शेजाऱ्याच्या उताऱ्याशी होते. वाढले हे खरे. पण पाचातल्या कशाने वाढले? बियाण्याने, युरियाने, की साहेब येणार म्हणून वेळेवर झालेल्या खुरपणीने? ज्याच्याजवळ पाचांपैकी एकालाच पैसे आहेत त्याने कोणते घ्यावे, याचे उत्तर त्या प्रात्यक्षिकात नसते. कोरडवाहू शेतकऱ्याला नेमके तेच उत्तर हवे असते.

टॉनिकांचा बाजार तर याहून भारी. समुद्री शेवाळ, ह्युमिक, अमिनो, नाना नावे. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्राने या जैव-उत्तेजकांना खत नियंत्रण आदेशाखाली आणले. तोवर वर्षानुवर्षे ती मोकाट विकली जात होती. टॉनिक मारल्यावर पीक हिरवेगार झाले, असे शेतकरी शपथेवर सांगतो. त्याला विचारा, पंपात आणखी काय होते? बहुतेक वेळा १९:१९:१९ असते, कीटकनाशक असते. हिरवेपणा नत्राचा, अळी गेली कीटकनाशकाने आणि नाव झाले टॉनिकच्या बाटलीचे. खरी परीक्षा घ्यायची तर अर्ध्या रानावर बाकी सारे घालून टॉनिकच्या जागी साधे पाणी मारायला हवे. हे कोणत्या विक्रेत्याने आजवर करून दाखवले?

चिठ्ठी टाकण्याचे शास्त्र आपलेच

कोणी म्हणेल, ही सारी विद्वानांची भाषा, शेतकऱ्याला काय झेपणार? हा गैरसमज आहे. हे शास्त्र शेतातच जन्मले. इंग्लंडच्या रोथॅमस्टेड येथील शेती संशोधन केंद्रावर रोनाल्ड फिशर याने १९२० च्या दशकात हाच प्रश्न घेतला की जमीन जागोजाग वेगळी असताना खताचा गुण कसा ओळखायचा. उत्तर सोपे निघाले. कोणत्या तुकड्याला खत घालायचे हे माणसाने ठरवू नये, चिठ्ठीने ठरवावे, आणि एकदा नव्हे, अनेक तुकड्यांवर करावे. चिठ्ठीला भारी रान ओळखता येत नाही, म्हणून ती पक्षपात करत नाही.

आपल्या देशात ही विद्या रुजवणाऱ्यांत दोन नावे मोठी आहेत, आणि दोन्ही मराठी. सातारा जिल्ह्यातील बुध गावचे डॉ. पां. वा. सुखात्मे आणि इंदूरच्या संस्थेत कापसावर काम केलेले डॉ. वि. गो. पानसे. शेतीच्या प्रयोगांसाठी संख्याशास्त्रावर या दोघांनी १९५४ साली लिहिलेल्या ग्रंथावर कृषी पदवीधरांच्या पिढ्या शिकल्या. आज पीक विम्यासाठी गावात पीक कापणी प्रयोग होतो तेव्हा कोणत्या गटात कापणी करायची हे तलाठी किंवा कृषी सहायकाच्या मर्जीवर सोडलेले नसते, आकड्यांच्या तक्त्यावरून ठरते. का? कारण मर्जीवर सोडले तर कोणी चांगले रान निवडेल, कोणी वाईट. विम्याचे पैसे द्यायचे असतात तेव्हा जे शास्त्र सरकारला आणि विमा कंपनीला लागते, ते बियाणे विकताना का विसरले जाते?

आपण काय करायचे?

नुसती ओरड करून भागणार नाही. हातच्या कांकणाला आरसा कशाला? परीक्षा आपणच घेऊ. रीत अशी :

गावातले आठ शेतकरी घ्या. काही भारी रानाचे, काही हलक्या रानाचे. प्रत्येकाने आपल्याच एका रानात नवे आणि जुने असे दोन्ही बियाणे एकाच दिवशी, एकाच पाभरीने, आलटून पालटून पट्ट्यांत पेरावे, म्हणजे वरचे मुरमाड आणि बांधाकडचे कसदार रान दोघांच्याही वाट्याला येईल. पहिला पट्टा कोणाचा हे नाणे उडवून ठरवावे. खत, कोळपणी, फवारणी दोन्हींना सारखीच. पट्ट्याच्या काठच्या ओळी सोडून मधल्या ओळी कापाव्यात. दाणा आणि कडबा, दोन्हींचे वजन वेगळे करावे आणि चार माणसांसमोर वहीत लिहावे.

आठांपैकी पाच ठिकाणी नवे बियाणे सरस ठरले तर हुरळू नका. गुण काहीच नसला तरी नुसत्या नशिबाने असे पुष्कळदा होते. आठही ठिकाणी सरस ठरले तर मात्र मान डोलवा, कारण गुणाशिवाय असे २५६ खेपांत एकदाच घडेल. आणि एका सालावर थांबू नका. एक हस्त चांगला बरसलेला आणि एक कोरडा गेलेला, असे दोन्ही हंगाम पाहिल्याशिवाय कोरडवाहू शेतीत कोणताही निकाल पक्का नसतो. शेवटी हिशेब क्विंटलचा नव्हे, बियाण्याचा जादा खर्च वजा जाता उरलेल्या रुपयांचा करा.

ज्या बियाण्यात गुण आहे ते या परीक्षेत उतरेल, आणि ते आपण आनंदाने पेरू. नवे तंत्र नको असे म्हणणारे आपण नव्हे. कोणते बियाणे पेरायचे हे ठरवण्याचा हक्क शेतकऱ्याचाच आहे, आणि खरी माहिती नसेल तर तो हक्क आंधळ्याच्या हातातल्या आरशासारखा.

म्हणून जिल्ह्याच्या बैठकीत या मागण्यांचा ठराव व्हावा :

१. बियाणे, टॉनिक किंवा औषधाच्या प्रत्येक जाहिरातीत उताऱ्याबरोबर जमिनीची खोली, पाण्याच्या पाळ्या, पेरणीची तारीख आणि खताची मात्रा छापणे सक्तीचे करावे.

२. कंपनीने हंगामात घेतलेल्या सर्व प्लॉटांची यादी पेरणीच्या वेळीच कृषी खात्याकडे द्यावी, आणि हंगामानंतर फसलेल्या प्लॉटांसह सगळ्यांचे उतारे जाहीर करावेत.

३. ज्या तुलनेत त्याच रानात, त्याच दिवशी पेरलेला जुना वाण नाही, त्या तुलनेवरून 'इतके टक्के वाढ' असा दावा करण्यास बंदी असावी.

४. सरकारी प्रात्यक्षिकांत एक एक निविष्ठा वेगळी तपासणारे पट्टे असावेत, आणि कोरडवाहू हलक्या रानाचे निकाल बागायतीपासून वेगळे छापावेत.

५. रॉयल्टी किंवा किंमत ठरवताना कंपनीच्या चाचणीचा आकडा धरू नये. शेतकऱ्यांच्या रानावर किमान तीन हंगाम, चिठ्ठी टाकून घेतलेल्या चाचण्यांचाच आकडा धरावा.

तोवर पुढच्या शिवारफेरीला जरूर जा. पंगतीलाही बसा, ते जेवण आपल्याच पैशाचे आहे. पण उठण्याआधी उभे राहून चार प्रश्न मोठ्याने विचारा : या रानाची खोली किती? पाणी किती दिले? शेजारच्या पट्ट्यात जुने बियाणे कुठे आहे? आणि ज्या प्लॉटांवर पाटी लावली नाही, ते दाखवता का? चारांची उत्तरे मिळाली तर वहीत लिहून घ्या. नाही मिळाली तर रंगीत कागद तिथेच मांडवात ठेवून या.